कानांनी पाहिलेले अलीकडचे सिनेमे

मागची रांग:
'साबर बोंडं' काल दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी गोष्टीत इतकी गुंतले होते की एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. वडील गेलेत, आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलाय, नातेवाइकांनी लग्नाचं टुमणं लावलंय, लहानपणीचा मित्र बाळ्या इतक्या वर्षांनी समोर आलाय. एवढं सगळं घडत असताना एकदाही व्हायोलिन येऊन आपला हात धरत नाही. माणसं बोलतात, गप्प होतात, आणि ती गप्प झाली की मागचं रान ऐकू येतं. कॅमेराही बहुतेक वेळ एका जागी बसलेला. त्यामुळे आपण बघतो कमी आणि ऐकत जास्त राहतो.

रोहन कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या स्वतःच्याच दिवसांतून त्यांना तो सुचला. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. पारितोषिकाबद्दल पुष्कळ लिहून आलं, पण आवाजाबद्दल कुणी फारसं बोललेलं मला दिसलं नाही. म्हणून हा धागा.

गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेल्या कुठल्या सिनेमांचा आवाज तुमच्या कानात राहिला? मराठी, हिंदी, मल्याळम, इंग्रजी, काहीही चालेल. स्टार रेटिंग नको. काय ऐकलं ते सांगा. आणि शेवट फोडणार असाल तर आधी इशारा द्या.

कळसूत्री:
मी लगेच 'स्थळ'चं नाव घेते. जयंत सोमलकर यांचा. टोरंटो चित्रपट महोत्सवात २०२३ साली नेटपॅक हा आशियाई सिनेमासाठीचा पुरस्कार मिळाला आणि चित्रपटगृहात यायला मार्च २०२५ उजाडला.

सुरुवात आठवते? मुलगा पाहायचा कार्यक्रम चाललाय. बायका खुर्च्यांवर बसल्यात, मुलगा मान खाली घालून समोर, आणि त्याला नाव, शिक्षण, उंची विचारली जातेय. सविताचं स्वप्न आहे ते. मग जाग येते आणि खरा कार्यक्रम सुरू होतो, त्यात पाटावर ती असते. पुढे तेच प्रश्न, त्याच क्रमानं, तशाच सुरात पुन्हा पुन्हा येतात. तिसऱ्या वेळी मला पडद्याकडे बघायचीही गरज उरली नव्हती, नुसत्या आवाजावरून पोटात गोळा आला. संगीतात ठेका परत येतो तशी ती प्रश्नांची माळ परत येते. दिग्दर्शकाला तिच्यावर वेगळं भाष्य करावंच लागत नाही.

आणि ती बोली! चंद्रपूरकडचे स्थानिक लोक घेऊन केलेला सिनेमा आहे, अभिनयाचा अनुभव नसलेले. ही बोली माझ्या घरात बोलली जाते. इतकी वर्षं सिनेमात ती फक्त हसवायला आणली जायची. इथे सविताचे वडील कापसाच्या भावाची काळजी त्याच बोलीत करतात, आणि हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मला किती बरं वाटलं ते इथे लिहून कळणार नाही.

तिकिटाचा तुकडा:
कळसूत्री, 'स्थळ'बद्दल अगदी मनातलं लिहिलंत. नंदिनी चिकटे या मुलीचं बोलणं कमी आणि ऐकणं जास्त आहे त्या सिनेमात. समोरचा प्रश्न विचारत असताना तिचा चेहरा बघा.

रात्रपाळी:
धागा छान आहे, पण सुरुवातीलाच एक विरोधी मत नोंदवतो. पार्श्वसंगीत नाही म्हणून सिनेमा थोर, असं ठरवून टाकू नका. मला मोठ्या आवाजाचे सिनेमे मनापासून आवडतात आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

'धुरंधर' घ्या. साडेतीन तासांच्या वर लांबी. त्याच्या राजकारणाबद्दल वेगळा वाद घालू, इथे आवाजाबद्दलच बोलतो. शाश्वत सचदेव यांनी १९६० च्या 'बरसात की रात'मधली कव्वाली उचलली आणि आजच्या तालावर बसवली. आमच्या घरात ती कव्वाली वडिलांनी रेडिओवर ऐकलेली. ती इतक्या वर्षांनी चित्रपटगृहाच्या भिंती हलवत आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अक्षय खन्नाच्या एंट्रीला तर बहरीनचं रॅप गाणं. त्यातला एक शब्द मला कळत नव्हता आणि तरी हा माणूस काय चीज आहे ते चालीवरून कळलं. हे काम शांततेनं झालं नसतं.

मागची रांग:
रात्रपाळी, 'शांत तेवढं चांगलं' असं मला म्हणायचं नव्हतंच. अक्षय खन्नाच्या त्या प्रवेशाला मीसुद्धा खुर्चीत ताठ बसले होते. माझी तक्रार दुसऱ्याच संगीताबद्दल आहे, पडद्यावर जे दिसतंय तेच पुन्हा सांगणाऱ्या. आई रडतेय, तिचा चेहरा रडतोय, आणि वरून सारंगीही रडतेय. मग माझ्यासाठी काय उरलं? तुम्ही सांगितलेल्या दोन्ही जागी संगीत नवीन काहीतरी घेऊन येतं. ते मला शंभर टक्के मान्य.

रात्रपाळी:
अशी मांडणी असेल तर भांडण मिटलं. तरी 'धुरंधर'चा मधला अर्धा तास कानाला जड गेला हेही प्रामाणिकपणे सांगतो. सगळंच टिपेला असलं की टीप कुठली तेच कळत नाही.

पहिला खेळ:
मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. जुन्या काळचं थोडं सांगतो, कारण 'सिंक साउंड', म्हणजे चित्रीकरण चालू असतानाच आवाज मुद्रित करणं, हा नवीन शोध आहे असा तरुण मंडळींचा समज दिसतो. १९३१ चा 'आलम आरा' चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत होता. दुसरा उपायच नव्हता. माइक झाडाझुडपात, सामानात लपवायचे. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर काम चालायचं. आपला पहिला मराठी बोलपट, प्रभातचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा', त्यातही नट स्वतः गात होते. पुढे पार्श्वगायन आलं, डबिंग आलं, आणि ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे याची आपल्याला इतकी सवय झाली की खरा आवाज ऐकला की तोच कच्चा वाटायला लागला.

बूमवाला:
पहिला खेळ, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी लोकेशनवर ध्वनिमुद्रणाचं काम करतो, बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरण्यापासून सुरुवात केली. डबिंग रुळलं त्यामागे एक अगदी साधं कारण होतं. आपल्याकडे अनेक वर्षं जो हलका ॲरी कॅमेरा सर्रास वापरला जायचा तो चालताना घरघर करायचा. कॅमेऱ्याजवळ माइक नेला की संवादात ती घरघर आलीच. मग सेटवर नुसता पायलट ट्रॅक घ्यायचा, म्हणजे नंतर ओठ जुळवायला कच्चा आवाज, आणि खरे संवाद स्टुडिओत. २००१ मध्ये 'लगान' सिंक साउंडमध्ये झाला, एवढा मोठा, शेकडो माणसांचा, उघड्या माळावरचा सिनेमा, तेव्हा बाकीच्यांना धीर आला.

आता 'साबर बोंडं'सारख्या सिनेमाबद्दल एक आतली गोष्ट सांगतो. पडद्यावर 'शांतता' ऐकू येते ना, तीसुद्धा मुद्रित करावी लागते. प्रत्येक जागी काम आटोपलं की आम्ही सगळ्या युनिटला जागच्या जागी थांबवतो. अर्धा मिनिट, कधी पूर्ण मिनिट. कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, पंखे बंद, फोन बंद. त्याला रूम टोन म्हणतात. स्वयंपाकघराची शांतता वेगळी, ओसरीची वेगळी, विहिरीजवळची वेगळी. संकलनात दोन वाक्यांमध्ये फट पडली की तिथे तीच शांतता भरायची. दुसऱ्या खोलीची भरली तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी तुटलं हे त्याला कळतं.

आणि पार्श्वसंगीत असलं की आमचे बरेच दोष त्याखाली झाकले जातात. संगीत नाही म्हटल्यावर सगळं उघडं. कापडाची सळसळ, पायाखालचा खडा, लांबचा ट्रॅक्टर, सगळं ठरवून ठेवावं नाहीतर काढावं लागतं. त्यामुळे संगीत न वापरणं ही काटकसर आहे असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. त्यात उलट जास्त मेहनत आहे.

कळसूत्री:
बूमवाला, शांततेच्याही जाती असतात हे आज पहिल्यांदा कळलं. आता प्रत्येक सिनेमा बघताना मी हेच शोधत बसणार.

मागची रांग:
मीही! धागा काढल्याचं सार्थक झालं.

तिकिटाचा तुकडा:
मग 'द झोन ऑफ इंटरेस्ट'चा विषय निघायलाच हवा. जोनाथन ग्लेझर, २०२३. ऑश्विट्झ छावणीच्या भिंतीला लागून छावणीप्रमुखाचं घर, बाग, मुलं, पोहण्याचा हौद. कॅमेरा भिंतीपलीकडे जात नाही, पण पलीकडचं सगळं आपल्याला ऐकू येतं. गोळीचा आवाज, ओरडा, अखंड चाललेली भट्ट्यांची घरघर. घरातली माणसं चहा घेत राहतात. अर्ध्या तासानंतर माझ्या कानालाही ती घरघर सवयीची झाली, आणि हे लक्षात आलं त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटली. सिनेमाला तेच दाखवायचं होतं. ध्वनीचं ऑस्कर त्याला मिळालं. त्या वर्षी तो पुरस्कार दुसऱ्या कुणाला गेला असता तर मला झोप लागली नसती.

चांदणपट:
मी सहसा नुसती वाचते, आज लिहिते. 'फ्लो' कुणी पाहिला का? लाटवियाचा ॲनिमेशनपट, गिंट्स झिलबालोडिस यांचा. पूर आलाय आणि एका होडीत मांजर, कुत्रा, कॅपिबारा, लेमूर आणि एक मोठा पक्षी. माणूस नाही, एक शब्दही नाही. ब्लेंडर नावाच्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, आणि २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर घेऊन गेला.

माझ्या सहा वर्षांच्या लेकीबरोबर पाहिला. एरवी ती सिनेमाभर "तो काय म्हणाला? आता काय झालं?" असं विचारत असते. या वेळी एकही प्रश्न नाही. मांजराचं गुरगुरणं, घाबरलेलं म्यांव, रागावलेलं म्यांव, सगळं तिला कळत होतं, मला तीच समजावून सांगत होती. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. फक्त कॅपिबाराचा खरा आवाज फार चिरका निघाला, त्या शांत, आळशी प्राण्याला तो शोभेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा आवाज घेतला. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग उंटाला थँक्यू म्हटलं का त्यांनी?"

बूमवाला:
चांदणपट, हे उदाहरण मी आता प्रत्येक नवशिक्याला सांगणार. खरा आवाज आणि खरा वाटणारा आवाज यांत फरक असतो. पावसाचा आवाज बऱ्याचदा पावसाचा नसतो.

पहिला खेळ:
मराठीकडे परत येतो. 'दशावतार'बद्दल अजून कुणी कसं बोललं नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये लागला तेव्हा दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. दृष्टी अधू होत चाललेला, तरी रंगमंच न सोडणारा बाबुली मेस्त्री. या नटाच्या आवाजाचा मी तरुणपणापासून चाहता आहे. 'हसवाफसवी'त एकटा माणूस सहा भूमिका करायचा आणि डोळे मिटले तरी सहा वेगळी माणसं ऐकू यायची. 'दशावतार'मध्ये बाबुली मुलाशी बोलतो तो आवाज आणि तोंडाला रंग लावल्यावर निघतो तो आवाज, यांत केवढं अंतर आहे! घरातला आवाज थकलेला, श्वास पुरत नाही. सोंग चढलं की तोच गळा रंगमंच भरून टाकतो.

मागची रांग:
प्रभावळकरांबद्दल पूर्ण सहमत. पूर्वार्धात पेटी, मृदंग, झांज वाजायला लागते तेव्हा मला खरोखर रात्रीच्या खेळाला बसल्यासारखं वाटलं. पण उत्तरार्धावर माझा आक्षेप आहे. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

सूडाची गोष्ट सुरू झाली की सिनेमाच्या स्वतःच्या आवाजावर मोठ्या वाद्यवृंदाचा आवाज चढतो. खाणीच्या लोभापायी एक अख्खी कला, एक अख्खा डोंगर जाणार आहे, हे इतकं ताकदीचं सूत्र हातात होतं. दशावताराची स्वतःची वाद्यं होती. एकेका अवताराला फक्त मृदंग आणि झांज दिली असती तर? मला वाटतं भीती दुप्पट झाली असती. सुबोध खानोलकरांनी जे उभं केलं ते मोठं आहे, म्हणूनच हे मनाला लागलं.

पहिला खेळ:
हे मात्र पटत नाही. तो भव्यपणा लोकांना हवा होता. मी पाहिला त्या खेळाला तीन पिढ्या एकत्र आल्या होत्या, लोक टाळ्या वाजवत होते. मराठी सिनेमाला भरलेलं चित्रपटगृह किती दिवसांनी बघायला मिळालं! नुसत्या मृदंगावर तेवढी मंडळी खिळली असती का, याची मला शंका आहे.

मागची रांग:
मृदंगावरच तर रात्ररात्र खिळून राहायची मंडळी, पहिला खेळ! दशावतार टिकलाच तसा.

पहिला खेळ:
हं. यावर मला उत्तर सुचत नाहीये. एकदा परत बघून सांगतो.

तिकिटाचा तुकडा:
वाद्यांवरून आठवलं, 'गोंधळ'. संतोष डावखर यांना २०२५ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. संबळ इतक्या जवळून आणि इतका वेळ पडद्यावर मी प्रथमच ऐकला. रात्र चढत जाते तसा तो कानात न राहता छातीत वाजायला लागतो. छोट्या स्पीकरवर यातलं काही मिळणार नाही.

मध्यंतर:
छोट्या स्पीकरचा विषय निघालाच आहे तर मदत हवी आहे. घरी टीव्हीवर सिनेमा लावला की संवाद पुटपुटल्यासारखे येतात, म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी मारामारी सुरू होऊन शेजारी जागे होतात. रिमोट हातातून सुटत नाही. दोष माझ्या कानांचा की टीव्हीचा?

बूमवाला:
कानांचा नाही. सिनेमाचा आवाज ५.१ मध्ये मिसळलेला असतो, म्हणजे डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि एक फक्त खर्जासाठी. संवाद बहुतेक मधल्या वाहिनीत असतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर असतील, तेही पाठीमागे नाहीतर खाली तोंड करून बसवलेले. सगळ्या वाहिन्या त्या दोघांत कोंबल्या की संवाद दबतात. दोन गोष्टी करा. ॲपच्या ऑडिओ यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ मिळत असेल तर तो निवडा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये रात्रीचा मोड किंवा संवाद ठळक करणारा पर्याय असतो, तो चालू करा. मोठे आवाज खाली येतात, लहान वर येतात. शक्य असेल तर साधे हेडफोन लावा, सगळ्यात सोपं.

काही वेळा दोष सिनेमाचाही असतो. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन संवाद नंतर डब करायला नाखूश असतात, सेटवर जे बोललं गेलं तेच त्यांना हवं असतं. 'टेनेट'च्या वेळी जगभर लोकांनी तक्रार केली की बोलणं कळत नाही. मला तो हट्ट कळतो, पण प्रेक्षकाला वाक्यच कळलं नाही तर नटाची मेहनत वाया गेली, असं मला वाटतं.

मध्यंतर:
स्टिरिओ केलं. जादू झाली! मनापासून आभार.

कळसूत्री:
'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' राहूनच जाईल म्हणून लिहिते. पायल कपाडिया यांचा, फ्रान्समधल्या कान महोत्सवात २०२४ चं ग्रां प्री पारितोषिक. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता. सुरुवातीला मुंबईचा बाजार, गर्दी, रेल्वे दिसते आणि वरून या शहरात येऊन राहिलेल्या माणसांचे आवाज येतात, निरनिराळ्या भाषांतले. चेहरे दिसत नाहीत. कोण कुठून आलं, का आलं, एवढंच. ही माणसं पुन्हा भेटत नाहीत, तरी सिनेमाभर ती गर्दीत कुठेतरी आहेत असं वाटत राहतं.

पूर्वार्धात पाऊस, लोकल, गाड्या. नर्सचं काम करणाऱ्या प्रभा आणि अनु यांना कधी निवांत श्वासही घेता येत नाही. मग छाया कदमची पार्वती, जिच्याकडे घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय, ती रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते आणि या दोघी तिला सोडायला जातात. तिथे पोचल्यावर शहराचा कल्लोळ थांबतो, समुद्र ऐकू येतो, आणि त्या तिघींचे आवाज बदलतात. खरंच बदलतात, लक्ष देऊन ऐका. शहरात त्या आवाजावर आवाज चढवून बोलत होत्या, इथे आपोआप हळू बोलायला लागतात.

आणि मधून मधून येणारा तो पियानो! एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या इथिओपियाच्या जोगिणीनं वाजवलेला. मुंबईच्या पावसावर इथिओपियाचा पियानो कसा बसेल असं कागदावर कुणालाही वाटेल. तो असा बसलाय की आता मला पावसात तोच ऐकू येतो.

चांदणपट:
छाया कदमबद्दल दोन ओळी माझ्याही. त्याच वर्षी 'लापता लेडीज'मधली मंजू माई आणि इथली पार्वती. दोन्हीकडे तिचा आवाज खरखरीत आहे, पण एकीकडे त्यात धाक आहे आणि दुसरीकडे हक्क.

रात्रपाळी:
माझ्या पक्षाची बाजू परत मांडतो, या वेळी 'सिनर्स' घेऊन. रायन कूगलर, २०२५. १९३२ चं मिसिसिपी, दोन जुळे भाऊ गावाबाहेर नाचगाण्याचा अड्डा सुरू करतात. रात्री त्यांचा चुलतभाऊ सॅमी गिटार घेऊन गायला लागतो आणि त्या एका गाण्यात भिंती विरघळतात. आफ्रिकेतले ढोलवाले येतात, इलेक्ट्रिक गिटारवाला येतो, डीजे येतो, चिनी नाट्यातली नर्तकी येते. ज्यांच्यापासून हे संगीत आलं ते पूर्वज आणि ज्यांच्यापर्यंत ते जाणार आहे ती पुढची पिढी, सगळे एका खोलीत नाचतात. संगीत लुडविग योरानसन यांचं. मी तीन वेळा चित्रपटगृहात जाऊन पाहिला, तिन्ही वेळा त्या जागी डोळे भरून आले.

मागची रांग, तुमच्याच कसोटीवर बघा. इथलं संगीत पडद्यावरचं पुन्हा सांगत नाही, पडद्यावरचं त्या संगीतातूनच जन्माला येतं.

मागची रांग:
यावर माझा एक शब्दही विरोधात नाही. तो प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तिकिटाचा तुकडा:
गाणं आतून आल्याचं आणखी एक उदाहरण, 'मंजुमेल बॉइज'. (इशारा: शेवट फोडतोय. घटना २००६ मध्ये खरीच घडलेली आहे.) मित्र कोडाईकनालच्या गुहेत खोल खड्ड्यात पडतो. वरून सगळे 'सुभाष, सुभाष' अशी हाक मारतात आणि खालून काहीच येत नाही. नुसता काळोख आणि पाऊस. मग किती वेळानं अगदी क्षीण 'ओ' येते. अख्ख्या चित्रपटगृहानं एकदम श्वास सोडला. शेवटी १९९१ च्या 'गुणा'मधलं इळैयाराजांचं गाणं येतं. ते मुळात प्रेयसीसाठीचं गाणं. इथे ते दोन मित्रांचं होऊन जातं आणि त्याचा अर्थच मोठा होतो.

बूमवाला:
त्या हाकेतली गुहा ऐका. प्रत्येक हाक किती लांबून परत येते त्यावरून खड्डा किती खोल आहे ते कळतं. आकडा कुणी सांगायची गरजच नाही.

कळसूत्री:
'होमबाउंड' कुणाला कसा वाटला? नीरज घायवान यांचा 'मसान' मला फार प्रिय, त्यामुळे धास्तावूनच गेले होते. चंदन आणि शोएब, पोलीस भरतीची परीक्षा, मग टाळेबंदी आणि घरी परतायची ती वाट. मला वाटलं होतं शेवटी संगीत मला रडवणार. नाही. आईच्या भेगाळलेल्या टाचांनी रडवलं. त्या टाचा आधीपासून सिनेमात होत्या, मीच त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

मागची रांग:
मला 'होमबाउंड'मध्ये काही ठिकाणी संवाद जास्त वाटले. दोघा मित्रांची चेष्टामस्करी इतकी जिवंत आहे की तेवढ्यावरून सगळं कळत होतं, तरी मध्येच एखादं वाक्य मुद्दा समजावून सांगायला येतं. पण रस्त्यावरचा भाग सुरू झाला की शब्द गळून पडतात आणि धाप उरते. तेवढा भाग गेल्या वर्षीच्या कुठल्याही सिनेमाच्या तोडीचा आहे.

पहिला खेळ:
'दशावतार' परत पाहिला, कबूल केल्याप्रमाणे. पूर्वार्धात तो मृदंग वाजला तेव्हा तुमचं म्हणणं आठवलं, मागची रांग. उत्तरार्धात माझे कान त्याला शोधत राहिले. काही जागी तो खाली आहे, नीट ऐकलं तर सापडतो. थोडा वर आणला असता तर बरं झालं असतं, इतपत मी तुमच्याकडे सरकलोय. भव्यपणा हवाच, हे मत मात्र सोडत नाही.

मागची रांग:
तेवढं माझ्यासाठी पुष्कळ आहे!

रात्रपाळी:
काल कामावरून उशिरा आलो आणि 'साबर बोंडं' लावला. या धाग्यामुळेच. पहिली वीस मिनिटं जड गेली, खोटं बोलत नाही. हात दोनदा फोनकडे गेला. मग कधीतरी मी पुढे झुकून बसलोय हे लक्षात आलं, कारण आनंद आणि त्याची आई फार हळू बोलत होते आणि मला त्यातलं काही चुकवायचं नव्हतं. माझ्या आवडत्या सिनेमांत मी मागे टेकून बसतो, आवाज माझ्याकडे येतो. इथे मी आवाजाकडे गेलो. आई आपल्या मुलाला इतकं ओळखते आणि ते इतक्या कमी शब्दांत सांगते, तिथे खरंच एखादा सूर जरी वाजला असता तरी मला राग आला असता.

नावं संपेपर्यंत बसून राहिलो. टीव्ही बंद केल्यावर स्वयंपाकघरातला फ्रीज चालू असल्याचं ऐकू आलं. इतकी वर्षं तो तिथेच आहे.

बूमवाला:
तुमच्या घराचा रूम टोन आहे तो.

रात्रपाळी:
आज 'स्थळ' लावतोय. हेडफोन की टीव्ही?

बूमवाला:
घरी कुणी असेल तर टीव्ही, स्टिरिओ करून. तो चार जणांत बसून बघा.

कळसूत्री:
आणि सुरुवातीचं स्वप्न चुकवू नका, पहिल्या मिनिटापासून बसा!